खिडक्यांचा पुठ्ठा

उत्तम इंगोले गेल्याचं मला रिसोडच्या स्टँडवर कळलं, तेही कंडक्टरकडून. "रिठदचा उत्तम गेला ना भाऊ, पंधरा दिस झाले. तुमाले मालूम नाही?" मी "हो, हो" म्हणालो आणि गाडीत चढलो. शरम वाटायला सुरुवात तिथूनच झाली...

चार वर्षांपूर्वी आम्ही दोघं रिसोडच्या ज्वारी खरेदी केंद्रावर होतो. मी कारकून, तो रोजंदारीवर पावत्या लिहिणारा. अकोल्याच्या मुख्य कचेरीत तेव्हा भोकं पाडलेली कार्डं वाचणारं मशीन आलं होतं. त्याला सगळं आकड्यांत आणि ठरलेल्या क्रमानं लागे. आमच्या वहीत मात्र कुठं पोती, कुठं मण, गाव कधी रिठद तर कधी रिट्टद. आमचे कागद गठ्ठ्यांनी परत येत आणि मी मशीनच्या नावानं बोटं मोडी.

"त्याले काहून शिव्या देता, वामनभाऊ?" उत्तम म्हणाला. "ते परगावचं हाय. त्याले आपली बोली समजत नाही, आपल्याले त्याची. मधात कोनी दुभाष्या पायजे." लुगड्याच्या खोक्याचा पुठ्ठा घेऊन त्यानं ब्लेडनं खिडक्या पाडल्या. वहीवर ठेवला की मशीनला हवं तेवढंच दिसे, बाकीचं झाकलं जाई. प्रत्येक खिडकीशेजारी बारीक अक्षरात आपला शब्द आणि त्यापुढं मशीनचा आकडा. रिठद लिहा की रिट्टद, नंबर एकच. वही तीच राहिली, मशीनही तेच, आणि कागद परत यायचे थांबले.

मग अकोल्याहून साहेब आले. पुठ्ठा उलटसुलट करून म्हणाले, "हे डोकं कोणाचं?" उत्तम दारातच उभा होता. मी म्हणालो, "माझं, साहेब." रोजंदारीवरचा माणूस साहेबांसमोर तोंड उघडणार नाही हे मला ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच बोललो. त्यानं एकदा माझ्याकडं पाहिलं आणि चहा सांगायला गेला. महिनाभरात अकोल्याला मशीनच्या खोलीत माझी नेमणूक झाली. ती जागा त्याची होती.

पुढं भेटला की तक्रार नाही, मागणं एकच. "एक डाव मशीन दाखवा ना भाऊ. आपलं कार्ड ते कसं गिळते, पाहू द्या." मी म्हणायचो, पुढच्या महिन्यात ये. साहेबांपुढं तो काही बोलून गेला तर, ही धास्ती. तो पुढचा महिना मी कधी येऊच दिला नाही.

परवा रिठदला गेलो. वहिनींनी पाणी दिलं आणि आतून एक पुठ्ठा आणला. "तुमचा हाय म्हनत होते. तुमाले द्याले सांगतलं." तो पहिला, कच्चा पुठ्ठा होता, खिडक्या जरा तिरक्या. मागं त्याच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं : 'करणारे - वामनभाऊ आणि उत्तम.' मी त्यात एक रेघसुद्धा ओढली नव्हती...

तो पुठ्ठा आता अकोल्याला माझ्या टेबलावर असतो. नावं वर येतील असा पालथा ठेवतो. अजून कुणी विचारलेलं नाही. विचारलं तर या वेळी तरी खरं बोलेन, याची मला खात्री नाही, म्हणून हे आधीच छापायला दिलं.