तीन अक्षरांपुरता दगड

सातारा म्हटलं की लोक महाबळेश्वर गाठतात. मी सत्तरच्या दशकात, ऐन उन्हाळ्यात, कोरेगावच्या पलीकडच्या एका खेड्यात दगड बघायला गेले होते. हसायचं तर हसा.

मी तेव्हा पुण्यात कॉलेजात भूशास्त्र शिकवत असे. माझी मैत्रीण शालन, तिचा धाकटा भाऊ किसन एकाहत्तरच्या लढाईत गेला. शेवटच्या रजेवर आला तेव्हा त्याने मळ्यात विहीर खणायला घेतली होती. त्या विहिरीतून निघालेल्या दगडावरच त्याचं नाव कोरायचं, असा तिच्या वडिलांचा, आबांचा, हट्ट. "तो दगड टिकायचा नाही. तू सांगितलंस तर ऐकतील," शालन म्हणाली. म्हणजे मी नाही म्हणायला निघाले होते. असल्या कामाला कोण खुशीने जातं?

पुण्याहून एसटीने सातारा, तिथे स्टँडवर चहा आणि कंदी पेढे, मग कोरेगावची गाडी. खिडकीजवळ बसलात तर पदर नाकाशी धरा, फुफाटा फार. दोन्ही बाजूला डोंगरांचे थर पायऱ्यांसारखे दिसतात. पोटात काही नसेल तर कोरेगावच्या बाजारात भाकरी-पिठलं मिळतं, ते खाऊन पुढे जा. मी घाईत तशीच गेले आणि पस्तावले.

शालन आधीच माहेरी येऊन राहिली होती; ती आणि आबा मला मळ्यात घेऊन गेले. दगड विहिरीच्या काठावर उभा केला होता. तांबूस, आणि अंगभर पांढरे खडे. आमच्या भाषेत कुहरी वयनाचा. दगडाचं वयन म्हणजे त्यातले कण केवढे, कसे आणि एकमेकांत कसे बसलेत ते. लाव्हा निवताना आत बुडबुडे अडकले, त्यांच्या पोकळ्या, म्हणजे कुहरं, राहिली, आणि पुढे पाणी झिरपून त्यात पांढरं खनिज साचलं. छिन्नी लागली की ते खडे सुटतात. मी हे आबांना जमेल तसं सांगितलं.

"म्हंजे दगूड वाईट हाय?"

"वाईट नाही आबा. बारीक अक्षर धरणार नाही."

"मग मोठं काढू," आबा म्हणाले. शालनने माझ्याकडे असं बघितलं की मला जमिनीत जावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी गावातला एक ट्रक पेंड आणायला विट्याला चालला होता. दगड त्यात चढवला आणि आम्ही तिघे पुढे ड्रायव्हरशेजारी. रहिमतपूर सोडलं की हिरवा ऊस मागे पडतो, माळ लागतो, मेंढरं रस्ता अडवतात आणि हाडं खिळखिळी होतात. तरी त्या मोकळ्या माळावर माझं मन जरा निवलं, खोटं कशाला बोलू.

विट्याला आबांच्या ओळखीचा पाथरवट होता. त्याने दगड ठोकून बघितला आणि शेजारच्या काळ्या, घट्ट शिळेकडे बोट केलं. "आवं आबा, हिच्यावर काढू. नाव, आडनाव, पलटण, गाव, समदं बसंल. तुमच्या दगडावर अक्षरं फुटत्याली. लोकांस्नी वाचाया न्हाई येनार."

"लोकांचं ऱ्हाऊ द्या," आबा म्हणाले. "मला तरी कुटं वाचाया येतंय? काळ्या शिळंवर काय लिवलंय ते मला दुसऱ्यानं सांगाय पायजे. ह्यो त्यानं सोता काडलाय. ह्याच्यावर हात फिरवला की माज्या हाताला कळंल."

नाही म्हणायला आलेली मीच पाथरवटाला म्हणाले, "नुसतं 'किसन' काढा. ठसठशीत, खोल. तेवढं हा दगड सोसेल."

तो पुटपुटत बसला, पण जीव लावून बसला. खडे उडत होते. 'न' पुरा होता होता त्याच्या काठाचा एक टवका गेला तेव्हा त्याने छिन्नी खाली ठेवली आणि आबांकडे बघितलं. आबांनी आपलं बोट माझ्यापुढे धरलं. मी ते धरून 'कि'च्या वेलांटीवर ठेवलं आणि तिन्ही अक्षरांवरून नेलं. टवक्यापाशी ते थबकले.

"हे बी अक्षरच काय?"

"नाही आबा, तिथला खडा निघालाय."

"असू द्या. वळकाया बरं." मग बोट सोडवून घेऊन ते एकटेच पुन्हा सुरुवातीपासून गेले. शालन ट्रकच्या आडोशाला जाऊन रडली.

पुण्याला परतल्यावर वयनाची व्याख्या मी फळ्यावर तीच लिहिली, तिच्यात बदलण्यासारखं काही नव्हतं. फक्त तेव्हापासून नमुना आधी मुलांच्या हातात द्यायचा आणि डोळे मिटायला सांगायचं, ही सवय लागली. मळा आजही आहे. गेलात तर दगडाला हात लावून बघा, कुणी रागावणार नाही.

आबा आता नाहीत. शालन सांगते, मळ्यात त्यांचा हात रोज त्या दगडावरून फिरायचा. पुढेपुढे ते एसटी स्टँडवर गाडीच्या पाटीजवळ जायचे, 'सातारा'च्या पहिल्या अक्षरावर बोट ठेवायचे आणि शेजारच्या माणसाला, ओळख असो नसो, सांगायचे, "ह्यो आमच्या किसनचा स."