जपानीत मी वारले

आता लिहायचाही कंटाळा येतो. पण मी जपानी कशी शिकले हे घरातला प्रत्येकजण आपापल्या परीने सांगतो, आणि प्रत्येकाच्या सांगण्यात मी एक तर फार हुशार असते नाहीतर ठार वेडी. म्हणून एकदाचं लिहून टाकते.

चार वर्षांपूर्वी मी सहासष्टची होते आणि स्वतःला तरणीताठी समजत होते. सुरतेत, डिंडोलीतल्या आमच्या दोन खोल्यांत दिवसा आम्ही दोघीच असायचो, मी आणि माझ्या मुलाची मुलगी. मुलगा इच्छापोरला कारखान्यात, सून मार्केटात साड्यांच्या घड्या घालायला. नात नर्सिंगचा कोर्स करून मोकळी झालेली. जपानला जाऊन म्हाताऱ्या माणसांची सेवा करायची, असं तिने मनात घेतलं होतं. त्यासाठी क्लास लावला होता. घरी आली की कानात वायर घालून पुटपुटत बसायची. पूर्वी आम्ही निदान भांडायचो. आता "भाजी काय करू गं?" म्हटलं, तर भिंतीकडे बघून काहीतरी म्हणायची, तेही जपानीत.

मला राग आला. राग कसला, मत्सरच तो. म्हटलं, बघू तरी काय एवढं आहे त्या भाषेत. मी चौथी पास. लग्न होऊन धुळ्याकडून सुरतेला आले, तेव्हा गुजराती पाट्या वाचायला मला तीन वर्षं लागली होती. तरी घमेंड बघा, दिवाळीत सुरुवात केली आणि मनाशी ठरवलं, होळीपर्यंत येईल बोलता.

कोणाला सांगितलं नाही. नातीची भरलेली वही घेतली. मुलाने टाकून दिलेला फोन होता, त्यात एक बाई तेच तेच शंभरदा सांगायची आणि चिडायची नाही. पेन धरलं की बोटं दुखायची. आधी लिंबायतला राहायचो, तिथे तीस वर्षं घरी बसून साड्यांना टिकल्या चिकटवल्या. बोटांना चिमूट तेवढी ठाऊक. मग साडीच्या घडीत घालतात ते पुठ्ठे घेतले आणि गोंद लावून टिकल्यांची अक्षरं काढली. रोज पाच. सेहेचाळीस झाली तेव्हा वाटलं, जिंकले. मग कळलं की तेच आवाज दुसऱ्या आकारांत पुन्हा शिकायचे असतात, आणखी सेहेचाळीस. त्या दिवशी मी जेवण झाल्याबरोबर आडवी झाले.

पुठ्ठे नातीला खाटेखाली सापडले. हसली खूप. म्हणाली, "आजी, दिसतात सुंदर. पण कुठली रेघ आधी काढायची, कुठून सुरू करायची, याचा नियम असतो." टिकल्यांना कसली आलीय सुरुवात? त्यामुळे मला जपानी लिहिता कधीच आलं नाही. ऐकून थोडं कळायचं, वाचून त्याहून थोडं. होळी आली, गेली. पुढची दिवाळी आली. मी चिकटून राहिले, ते हौसेने नव्हे. हाती घेतलेलं काम अर्धं परत द्यायची सवय नव्हती, एवढंच.

नातीला वाटायचं, म्हातारी अक्षरांची नक्षी काढतेय. मला कळतंही, हे तिच्या गावी नव्हतं.

जपानच्या नोकरीसाठी झालेल्या पहिल्या मुलाखतीत ती घाबरून गप्प बसली होती. दुसरी आली, तेव्हा मुलाने सांगून टाकलं, "ह्या खेपेला नाही झालं तर बस. स्थळं बघायची." पोरीचं तोंड एवढंसं झालं. दिवसभर आरशासमोर उभी राहून उत्तरं घोकायची.

एका सकाळी मी लसूण सोलत होते आणि तिचं चाललं होतं, हे काम मला का करायचं आहे. सोबो, सोबो येत होतं. सोबो म्हणजे माझी आजी. मी कान टवकारले. सोबोला मी भरवलं. सोबोचे पाय रोज दाबले. मनात म्हटलं, कधी गं? पण असू दे. मग आलं, नाकुनारिमाशिता. ऐकलेला शब्द, पण आठवेना. हात पुसले, चष्मा शोधला, वही उघडली, पान सापडलं.

वारली.

म्हणजे मी वारले होते. नातीचा हात हातात धरून, अगदी शांतपणे.

मी दारात जाऊन उभी राहिले. "काय वं, दहाव्याला कोण कोण आलं होतं?"

तिच्या हातातला कागदच पडला. "आजी! तुला कळलं?"

"सोबो इकिते इमास," मी म्हटलं. आजी जिवंत आहे. माझ्या तोंडून निघालेलं पहिलं अख्खं जपानी वाक्य, आणि तेही स्वतःची बाजू मांडायला.

"अगं, क्लासमध्ये लिहून दिलंय तसं. सगळ्या मुली हेच म्हणतात."

"किती जणी आहात?"

"सतरा."

"सतरा म्हाताऱ्या! साथ आली होती का काय?"

तिला हसू यायला हवं होतं, पण ती रडायला लागली. "मी बदलते ना. पण आता दुसरं पाठच होत नाही, आजी. बदललं की मागच्यासारखी अडकेन. मग पप्पा..."

आमच्याकडे कावळा डोक्याला शिवला तर अशुभ मानतात. त्यावर उतारा असा, की ते माणूस मेलं म्हणून नातेवाइकांना खोटा निरोप धाडायचा. ते रडले की संकट टळतं, आयुष्य वाढतं. मी अठरा वर्षांची असताना, गावी सासरच्या अंगणात, मला शिवला. सासूने माहेरी निरोप धाडला. आई उन्हातून धावत आली, अंगणात पडून माझं नाव घेऊन रडली. आणि मी धान्याच्या कणगीमागे, तोंडात पदर कोंबून हसत होते. काय मजा वाटत होती मला! सासूने पुढे ढकललं, तेव्हा आईने मला मारलं नाही की जवळ घेतलं नाही. ओट्यावर बसून पाणी मागितलं आणि तांब्या तसाच हातात धरून बसली. रीत तिलाही माहीत होती. पण ऐकताना कुणाला रीत आठवते? त्या अठरा वर्षांच्या भवानीच्या दोन थोबाडीत द्याव्यात असं मला अजून वाटतं.

नातीला मी यातलं अर्धंच सांगितलं. "खोटं मरण कळवलं की आयुष्य वाढतं. म्हण तू खुशाल. सतराजणींचं मिळून माझी शंभरी तरी भरेल."

मुलाखत घरातूनच झाली, मैत्रिणीचा लॅपटॉप मागून आणून. मी स्वयंपाकाच्या ओट्याशी खाली बसले. नेमका खोकला आला. मेलेल्या बाईने खोकू नये, म्हणून पदर तोंडात धरला. बाहेर ती त्या शब्दापर्यंत आली आणि थांबली. मला वाटलं, अडकली, गेलं सगळं. मग म्हणाली, पण आवाज फाटका. पलीकडची बाई हळू आवाजात काहीतरी लांबलचक बोलली. मला त्यातलं काही कळलं नाही. नात खरंच रडत होती. मी गुडघ्यांत डोकं घालून बसले. या वेळी हसू आलं नाही.

तिची निवड झाली. ती गेली त्याला आता दीड वर्ष झालं. घरात माझ्याशी जपानी बोलणारं तर सोडाच, भांडणारंही कुणी नाही.

मुलाखत घेणारी बाई नात काम करते त्याच वृद्धाश्रमाची मोठी अधिकारी. तिने कौतुकाने सगळ्यांना सांगून ठेवलेलं, ही मुलगी आजीची शेवटपर्यंत सेवा करून आली आहे. त्यामुळे नात व्हिडिओ फोन करते तो खोलीत एकटी असतानाच. पण एका रविवारी ती दुपारच्या सुट्टीत बागेतून बोलत होती आणि मागून चाकाची खुर्ची आली. तिच्याकडच्या आजीबाई, नव्वदीच्या. फोनमध्ये डोकावून म्हणाल्या, "दोनाता?" कोण या?

नातीचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. पहिल्या मुलाखतीत बसली होती तशीच.

मीच म्हटलं, "तोनारि नो हितो देस." शेजारची बाई आहे. परदेशी माणसाशी आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या भाषेत बोलले, तेही खोटं.

आजीबाई खूश झाल्या. त्या गेल्यावर नात माझ्यावर उखडली. "काय गरज होती? मी सांगितलं असतं खरं."

"काय सांगणार होतीस? भूत आहे म्हणून?"

"आजी, मला नाही आवडत असं."

"मला तरी कुठे आवडतं? पण तिथे राहायचंय तुला. मला आता कुठे जायचंय?"

तेव्हापासून आजीबाई रविवारी खुर्ची ढकलवत येतात आणि विचारतात, शेजारीणबाई बऱ्या आहेत ना? मी म्हणते, बरी आहे. मग त्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणतात, इताइ. दुखतो. मीही माझ्या गुडघ्यावर हात ठेवते आणि म्हणते, इताइ. मग आम्ही दोघी आपापला गुडघा चोळत बसतो आणि नात मध्ये फोन धरून उभी असते.