सिस्टरांची मोजपट्टी

“खूप म्हंजी किती?”

सिस्टरांशी बोलायचं तर या प्रश्नाची तयारी ठेवूनच तोंड उघडावं लागे. पेशंट म्हणाला, खूप दुखतंय, की त्या विचारणार, “खूप म्हंजी किती? धापैकी सांगा.” सफाईच्या मावशी म्हणाल्या, माझी पोरगी लई उंच झाली, की, “लई म्हंजी किती?” एकदा मी सहज म्हणून गेलो, “सिस्टर, आज चहा जरा गोडच झालाय.” त्यांनी कप खाली ठेवला, चष्मा कपाळावरून नाकावर ओढला आणि म्हणाल्या, “भाऊ, चमचे सांगा.”

वसमत आणि वारंगा फाटा यांच्या मध्ये कुठं तरी आमचं बाजाराचं गाव आहे. गावात सरकारी दवाखाना आणि त्याच्या फाटकासमोर माझं मेडिकल. सिस्टर दवाखान्यातल्या ड्रेसिंगच्या खोलीच्या मालकीणबाई. खोली सरकारची होती, पण हे सरकारनंही कधी त्यांना बोलून दाखवलं नाही. ठेंगणी मूर्ती, चालणं इतकं झपाझप की मागं राहिलेला माणूस आपोआप पळायला लागे.

आता तुम्हाला नर्सबाईंच्या शिकण्याची गंमत सांगतो. नोंदणी टिकवायची तर त्यांना अधूनमधून ठरावीक तासांचं शिक्षण घ्यावं लागतं. बहुतेक मंडळी तिथं काय करतात, हे कुठलंही सरकारी प्रशिक्षण पाहिलेल्या माणसाला सांगायला नको. सही, जेवण, सही, एसटी. सिस्टर मात्र पहिल्या रांगेत वही उघडून बसायच्या. जखमांवर काम करणाऱ्या डॉक्टर-नर्सांची एक संघटना आहे, तिच्या त्या आजीव सभासद. नांदेड असो की संभाजीनगर, कार्यशाळेची तारीख कळली की त्यांच्या रजेचा अर्ज तयार. व्याख्याता “आभारी आहे” म्हणून खाली उतरायला लागला की यांचा हात वर. प्रश्न दर वेळी एकच.

“सर, फोमची पट्टी भारी हाय. पण आमच्याकडं गॉज हाय, सलाईन हाय अन् मी हाय. एवढ्यात कसं करायचं, ते सांगा.”

मग व्याख्याता परत वर चढायचा, आणि जेवणाची रांग अर्धा तास खोळंबायची. अख्ख्या विभागात त्यांच्यावर कुणाचा राग असलाच तर तो या अर्ध्या तासाचा होता.

प्रत्येक परिषदेत कापडी पिशवी मिळते. त्या पिशव्या सिस्टर गावभर वाटत. आमच्या आठवडी बाजारात जाऊन पाहा. मेथी, वांगी, कोथिंबीर सगळं ‘जखम-उपचार परिषद’ असं छापलेल्या पिशव्यांतून घरी जातं. माझ्या बायकोनं तेवढी ती पिशवी परत पाठवली. “जखमेतून आलेली वांगी मी चिरणार नाही,” म्हणाली. सिस्टरांना हा निरोप इतका आवडला की त्यांनी तिला दोन पिशव्या धाडल्या.

कार्यशाळेहून आल्यावर दोन दिवसांत, दुपारी, दवाखान्याच्या व्हरांड्यात त्यांचा वर्ग भरे. विद्यार्थी कोण? दोन नव्या नर्स, वॉर्डबॉय, सफाईच्या मावशी, एक रिक्षावाला आणि नमुना म्हणून मी. पायाला थरांचं बँडेज कसं बांधायचं, हे त्यांनी माझ्या डाव्या पायावर शिकवलं. ते इतकं देखणं जमलं की सोडू देईनात. “उद्यापर्यंत ठिवा. घसरतं का बघू.” मी दिवसभर काउंटरवर पांढरा पाय घेऊन बसलो. प्रत्येक गिऱ्हाईक हळहळून विचारी, “काय झालं, शेठ?” संध्याकाळपर्यंत मी बैलानं लाथ मारल्यापासून स्कूटर घसरल्यापर्यंत सहा कारणं सांगून मोकळा झालो होतो. शेवटी सासऱ्यांचा फोन आला. तेव्हा मात्र खरं सांगावं लागलं, आणि त्यावर त्यांचा अजूनही विश्वास नाही.

आता मुख्य गोष्टीवर येतो. यात मी सुद्धा गुन्हेगार आहे, म्हणून जरा सावरून बसतो.

गावापासून जवळच एक तांडा आहे. तिथं हळद शिजवण्यात जिचा हात धरणारं कुणी नाही, अशी एक बाई. वय साठीकडं झुकलेलं. तांड्यावर आईला याडी म्हणतात. सिस्टरही तिला याडीच म्हणत. याडीला साखरेचा आजार. तळपायाची जाणीव कधीच गेलेली, आणि तिला त्याचा पत्ता नव्हता. हळद शिजवायच्या कढईजवळ तापल्या जमिनीवर ती अनवाणी उभी राहिली, तळवा भाजला आणि तिला कळलंच नाही. दोन दिवसांनी सुनेनं फरशीवर डाग पाहिला. मग घरात जे होतं ते लावलं, म्हणजे अर्थातच हळद. सिस्टरांपर्यंत पाय आला तेव्हा तळव्यावर लिंबाएवढा खड्डा होता आणि आत अंगारा, हळद, दंतमंजन अशी सरमिसळ.

नांदेडच्या सर्जननी पाहिलं. हे सर म्हणजे सिस्टरांच्या संघटनेतले. त्यांच्याच वर्गात सिस्टर जखम मोजायला शिकलेल्या. सर म्हणाले, पाय काढावा लागेल. याडी म्हणाली, मग मला बी काढा. सिस्टर मध्ये पडल्या.

“सर, चार आठवडे द्या. जिम्मेदारी माझी.”

“दिले,” सर म्हणाले. “पण दर सोमवारी फोटो पाठवायचा, शेजारी माप ठेवून. चार आठवड्यांत जखम निम्म्यावर आली नाही, तर हट्ट करायचा नाही. विष वर चढलं तर पायावर भागणार नाही, सिस्टर.”

झालं. सुनेला रोजचं ड्रेसिंग शिकवलं. याडीनं पाय जमिनीला टेकवायचा नाही, असा हुकूम निघाला. आणि सोमवारी ड्यूटी संपली की माझी स्कूटर, मागं सिस्टर, मध्ये ड्रेसिंगचा डबा, असा आमचा तांड्याचा दौरा सुरू झाला.

पहिल्याच सोमवारी फोटो काढायला घेतला, तर सिस्टरांच्या बॅगेतल्या कागदी मोजपट्ट्या संपलेल्या. परवाच्या वर्गात सगळ्या वाटून टाकल्या होत्या.

“भाऊ, सरळ अन् ठाम मापाचं काही तरी द्या लवकर. उजेड जाऊन राहिला.”

अंगणभर ताजी शिजवलेली हळद वाळत घातली होती. मी त्यातलं एक सरळसोट, गुटगुटीत हळकुंड उचललं आणि दरबारात तलवार पेश करावी तसं पुढं केलं. सिस्टरांनी ते स्वच्छ गॉजवर पायाशेजारी ठेवून फोटो काढला. परत दुकानात आल्यावर माझ्या पट्टीवर मोजलं. पाच सेंटीमीटर, ना रेघ कमी ना जास्त. एका कागदी पाकिटात घालून त्यावर त्यांनी लिहिलं, ‘माप, ५ सें.मी.’ आणि सरांना कळवून टाकलं.

दुसऱ्या सोमवारी मी नवी कागदी पट्टी घेऊन गेलो, तर माझ्यावर खेकसल्या.

“पहिल्या फोटोत जे माप, तेच शेवटापर्यंत. माप बदललं की तुलना गेली. पहिल्या तासाला शिकवतात हे.”

“पण सिस्टर, मला तर जखम बरीच लहान दिसते.”

“बरीच म्हंजी किती? डोळ्याला काय कळतंय, भाऊ? फोटो सांगल ते खरं.”

पाकीट माझ्या गल्ल्याशेजारी, खिडकीतल्या उन्हात पडून राही. दर सोमवारी ते आमच्याबरोबर तांड्यावर जाई, हळकुंड पायाशेजारी विराजमान होई, आणि फोटो नांदेडला रवाना होई. याडी खाटेवरून विचारी, “काय म्हणतो तुमचा सर?” सर काहीच म्हणत नसत. फक्त फोटो पाहिल्याची खूण यायची.

पाचव्या सोमवारी, चार आठवडे भरल्यावर, फोन आला. आम्ही याडीच्या अंगणातच होतो. सिस्टरांनी स्पीकर लावला.

“सिस्टर, तुमची मेहनत दिसते. जखम स्वच्छ आहे. पण फार तर पाव भाग कमी झालीय. निम्मी नाही. उद्या घेऊन या.”

सिस्टर “बरं, सर,” म्हणाल्या. एवढंच. ज्या बाईनं व्याख्यात्यांना मंचावरून उतरू दिलं नाही, तिनं एक प्रश्न विचारला नाही. मला राहवलं नाही. मी म्हणालो, “अहो, तुम्हाला दिसतंय ना बरी झालेली? सांगा ना त्यांना.”

“मला दिसतंय म्हणून सांगू?” त्यांचा आवाज चिरकला. “वीस वर्षं लोकांना ओरडून राहिले, डोळ्यावर जाऊ नका म्हणून. अन् आता माझ्या पेशंटचा सवाल आला तर माप खोटं अन् डोळा खरा? न्हाई जमत, भाऊ.”

त्यांनी वही काढली आणि नांदेडला न्यायची चिठ्ठी लिहायला घेतली. सून चुलीपाशी तोंड फिरवून उभी राहिली. याडीचा नवरा जीप ठरवायला निघाला. आणि याडी? ती खाटेवर पाय वर धरून बसली होती, आणि एखाद्या बड्या घरच्या सासूसारखी तिनं हात पुढं केला.

“आणा बरं तो फोन. पाय माझा हाय. कशावरून कापून राहिले, ते तर बघू द्या.”

सिस्टरांनी पहिला फोटो दाखवला. मग आजचा. याडीनं दोन्ही पाहिले. परत पहिला मागितला. फोन नाकाजवळ नेला, लांब धरला. जखमेकडं तिचं लक्षच नव्हतं.

“ह्या पहिल्या फोटूत हळद वली हाय,” ती म्हणाली. “ह्यात वाळून खडंग झाली.”

“मग?”

“मग काय? शिजवलेली हळद वाळली की आक्रसती, बाई! तांड्यावरच्या शेंबड्या लेकराला बी ठावं हाय. इतके कोर्स केले तुमी, तिथं हळदीचं काहीच न्हाई सांगत व्हय?”

तुम्ही त्या वेळी सिस्टरांचा चेहरा पाहायला हवा होता. त्याहून माझा पाहायला हवा होता. सिस्टर निदान बाहेरगावच्या; माझी स्वतःची दोन एकर हळद आहे, दर वर्षी गच्चीवर वाळते, आणि दर वर्षी मीच बायकोला सांगतो की बघ, किती गळाली!

सिस्टरांनी माझ्या खिशातली कागदी पट्टी हिसकावून घेतली. हळकुंड ठेवलं. चार. चारला सुद्धा दोन रेघा कमी. पाकिटावर पाच लिहिलं होतं, म्हणून चार आठवड्यांत आम्ही दोघांनीही ते परत मोजलं नव्हतं. मोजदादीची देवी माप मोजायचंच विसरली होती. माप लहान होत गेलं, आणि त्याच्या शेजारी जखम मोठीच्या मोठी दिसत राहिली.

जखमेशेजारी खरी पट्टी ठेवून नवा फोटो गेला. सिस्टर फोनवर सरांना सगळं सांगत होत्या, एक अक्षर न लपवता, “चूक माझी, सर, माझी,” असं तीनदा म्हणत. पलीकडून खाकरल्याचा आवाज आला.

“सिस्टर, जखम निम्म्याहून कमी आहे. उद्या आणू नका.” आणि मग सरांना हसू आवरेना. “पण पुढच्या वेळी मापाला मिरची ठेवू नका म्हणजे झालं.”

याडीचा नवरा जीप घेऊन दारात आला, तेव्हा आम्ही सगळे हसत होतो आणि सून रडत होती. त्याला वाटलं, सगळ्यांनाच वेड लागलं. त्याला समजावून सांगेपर्यंत जीपवाल्यानं दोनदा चहा घेतला. पावसाळ्याच्या तोंडावर याडीचा तळवा पुरता बुजला.

त्या वर्षीच्या परिषदेला मी सिस्टरांबरोबर संभाजीनगरला गेलो. म्हटलं, गुन्ह्यात सामील होतो, कबुलीजबाबालाही हजर राहू. तिथं प्रत्येक जण आपण बरी केलेली जखम दाखवत होता. सिस्टरांनी मात्र आपली चुकलेली मापं दाखवली. सभागृह खो-खो हसलं. त्या थांबल्या, माइक दोन्ही हातांनी धरला आणि म्हणाल्या, “हसा. पण लिहून घ्या. त्या बाईला हळद कळत नसती, तर मी तिचा पाय माझ्या हातानं कापायला पोचवला असता.” पेनं निघाली. जेवणाची रांग त्या दिवशी खोळंबली, आणि कुणाची कुरकुर ऐकू आली नाही.

त्यानंतर वर्षभरातच त्यांना दूरच्या जिल्ह्यातल्या नर्सिंग शाळेवर शिकवायला घेतलं. निघायच्या दिवशी भर दुपारी मी त्यांना बस स्टँडवर सोडायला गेलो. बस लागली, सामान चढलं, त्या खिडकीशी बसल्या. तेवढ्यात फाटकातून याडी येताना दिसली. काठी नाही, कुणाचा आधार नाही. स्वतःच्या दोन पायांवर, आणि ते सुद्धा अनवाणी. चपलेचा अंगठा वाटेत तुटला होता, म्हणून चप्पल हातात.

सिस्टर बसमधून खाली उतरल्या. “अहो म्याडम, टाइम झाला,” कंडक्टर ओरडला. त्यांनी याडीला बाकावर बसवलं, दोन्ही तळवे मांडीवर घेतले, हाताच्या पंज्यानं सावकाश चाचपले. बोटांच्या बेचक्याही सोडल्या नाहीत. शंभर माणसं बघत होती. मग आपल्या पायातले पांढरे बूट काढले, मोजे तसेच ठेवले. दोन्ही बूट झटकले, आत हात घालून खडा आहे का ते पाहिलं, याडीच्या पायात चढवले आणि अंगठ्यापुढं बोट दाबून जागा तपासली. जागा होती.

“बसा तुमी,” याडी म्हणाली, “गाडी जाईल तुमची.”

बस हलली. मोज्यांतले पाय घेऊन सिस्टर खिडकीतून खालीच बघत होत्या. याडीनं हात हलवला नाही. लुगडं घोट्यापर्यंत उचलून ती बसबरोबर फलाटाच्या टोकापर्यंत चालत गेली, त्यांना पाय नीट दिसावेत म्हणून.