पहाटेची हवा आणि आईची बस

आमच्या मराठवाड्यातल्या गावात धुळीचंसुद्धा वेळापत्रक होतं. होळीपासून मृगापर्यंत दुपारी दार उघडायचं नाही. वावटळ बाजारपेठेतून फिरून घरात शिरायची आणि भाकरी दाताखाली कचकचायची. आई पदराचं टोक भिजवून नाकावर घ्यायची की लागली कामाला. पहाटे मात्र धूळ खाली बसलेली असायची. पहिली जीप सुटेपर्यंत हवा धुतल्यासारखी. "पहाटंची हवा म्हंजे औषध," हे आईचं ठाम मत. तिचा दमा त्या औषधावरच निभावला.

वडील गेल्यावर मी तिला शहरात, पेणकरपाड्याला, माझ्या नि बायकोच्या घरी आणलं. दोन खोल्या, मध्ये पातळ भिंत. इथली हवा गावाच्या उलट चालते, हे मला कधीचं माहीत होतं. दुपारी खाडीकडून जरा वारा सुटतो तेव्हा बरं असतं. थंडीतली पहाटच सगळ्यात वाईट. अर्धवट टॉवरांचं सिमेंट, हायवेचा धूर, कुणीतरी पेटवलेला कचरा, सगळं गारठ्यानं खाली दाबलेलं. गॅलरीतून समोरची बिल्डिंगसुद्धा धड दिसत नाही. तरी मी आईला म्हणालो, "तूच म्हणतेस ना, पहाटेची हवा औषध? मग रोज चालून येत जा."

आता खरं लिहितो. तिचा खोकला पहाटे सुरू व्हायचा आणि माझी झोप मोडायची. तिच्या तब्येतीचं नाव पुढे करून मी तिला घराबाहेर काढलं. ती स्कार्फ बांधून निघायची, मी कूस बदलून झोपायचो. गाढ झोपायचो. मी कामावर गेल्यावर कधीतरी ती परत यायची. तिच्या लुगड्याला सुक्या मासळीचा वास यायचा, तोही मी मनावर घेतला नाही.

एकदा ती दम्याचा पंप खिडकीतच विसरून गेली. मला जाग आली आणि तो दिसला. बाहेर नुसता पांढरा धूर. चपला घालतोय तोवर बायको आतून म्हणाली, "अहो, पळताय कुठे? आई चौकला असतील, त्या समुद्राकाठच्या गावात. रोज पहिल्या बसनं जातात."

"चौकला? आणि तू बोलली नाहीस?"

"तुम्ही विचारलंत कधी? आई म्हणाल्या, त्याची झोप होऊ दे."

रिक्षानं चौक गाठेपर्यंत पंप मुठीत घट्ट धरला होता. समुद्राकाठी बांबूंवर बोंबील वाळत होते. हवा हलत होती. आणि खाली, गळ्यात क्रूस घातलेल्या एका म्हाताऱ्या कोळणीशेजारी, माझी आई टोपलं पुढ्यात घेऊन बसलेली. एका बोंबलाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि जोडी दोरीवर टाकायची. तिची बोटं जन्मभर हेच केल्यासारखी चालली होती. या बाईनं साठी उलटेपर्यंत समुद्र पाहिला नव्हता.

"ह्यो तुजा पोर काय गो?" कोळीण म्हणाली. "आयशीला चालाया धाडतो तो?"

"त्योच. आज सवता आलाय चालायला."

मी पंप पुढे केला. आई म्हणाली, "राहू दे खिशात. हितं लागत न्हाई."

मग तिनं सांगितलं. पहिल्या दिवशी बसस्टॉपपर्यंतच छाती भरून आली. बस उभी होती, ती चढली. शेवटच्या स्टॉपला, चौकला, उतरली आणि श्वास मोकळा झाला. "म्हनलं, हेच आपलं चालनं."

"आई, पहाटेची हवा इथे वाईट असते, ते मला माहीत होतं," मी म्हणालो. एवढं बोलायला मला सगळा हिवाळा लागला होता. "तुझ्या खोकल्यानं मला झोप येत नव्हती."

ती पुढची जोडी अडकवत राहिली. "पहिल्याच दिशी कळलं की. नाक हाय मला. अन् भिंत पातळ हाय, तुझं उसासं बी ऐकू येत्यात. दिसभर कामावर उभा असतोस, झोप नको व्हय रं?"

मी पंप खिशात टाकून तसाच उभा राहिलो. कोळणीनंच सोडवलं. "बस खाली. रिकाम्या हातानं हितं कोन बसत न्हाय."

आता थंडीत पहाटे खिडक्या बंद असतात. आई चौकला जाते, पण दुपारच्या बसनं. कोळीण तिच्यासाठी अर्धं टोपलं राखून ठेवते. सुट्टीला मीही जातो. माझ्या जोड्या सुटून वाळूत पडतात आणि दोघी मिळून माझा उद्धार करतात. मला माझ्या आईचं कौतुक वाटतं, हे तिच्यासमोर अजून बोललेलो नाही.

पहाटे भिंतीपलीकडे खोकला सुरू होतो. मी उठून पाणी तापवायला ठेवतो.

"झोप की रं," ती आतून म्हणते.

मी पेला घेऊन तिच्याजवळ जाऊन बसतो.