गुप्त्यांची विलायती चूल

किस्से गोळा करायला गावभर हिंडावं लागत नाही. इमारतीत सतत बिघडणारी एक वस्तू असावी आणि आपल्याला ती दुरुस्त करता येते असं समजणारा एक माणूस असावा. बाकीच्यांनी फक्त आपापली दारं उघडी ठेवायची. बदलापुरात बेलवलीला आमच्या इमारतीत ही सोय होती. वस्तू म्हणजे विजेवर चालणारी विलायती चूल, वर चार लोखंडी चकत्या आणि खाली कपाटाएवढा ओव्हन. माणूस म्हणजे आमच्या समोरच्या बिऱ्हाडातले गुप्ते.

गुप्ते अंबरनाथच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला सुपरवायझर होते. तिथला जर्मन इंजिनियर मायदेशी परत गेला, तेव्हा त्याच्या बंगल्यातलं सामान कंपनीने स्टाफला विकून टाकलं. शहाण्यांनी पंखे घेतले, त्याहून शहाण्यांनी पलंग घेतले. गुप्त्यांनी चूल घेतली.

ती टेम्पोतून आली. स्वयंपाकघराच्या दारातून आत जाईना, म्हणून सुताराला बोलावून चौकट काढली. चूल आत सरकवली, चौकट पुन्हा ठोकली, सुतार गेला. मग गुप्त्यांच्या बायकोने, शैलावहिनींनी, शांतपणे विचारलं, "हिचं तोंड भिंतीकडे का आहे?"

सुतार स्टेशनपर्यंत पोचला होता. त्याला परत आणलं.

* * *

पहिल्यांदा चूल लावायची म्हणून गुप्त्यांनी सगळ्या मजल्याला चहाला बोलावलं. ओव्हन आणि चारही चकत्या त्यांनी एकदमच चालू केल्या. चहा झाला नाही, अंधार झाला. त्यांच्याकडेच नव्हे, अख्ख्या इमारतीत.

तळमजल्यावरून घरमालक भोईरशेठ टॉर्च घेऊन वर आले. भोईर इथले मूळचे शेतकरी. भाताच्या शेतातच त्यांनी ही इमारत बांधली होती आणि तिच्याकडे ते शेताइतक्याच मायेने आणि तितक्याच संशयाने बघत.

"गुप्तेसाहेब, ही चूल हाय का गिरन?"

"शेठ, तुमचं वायरिंग कमी पडतंय."

"वायरिंग माझा बरोबर हाय. त्या जर्मनचा पॉवरहाऊस पन उचलून आनायचा व्हता."

त्या दिवसानंतर चुलीवर कापड पडलं आणि कापडावर पापडाचे डबे आले. ती तशीच राहिली असती, पण वर्षभरात गुप्त्यांच्या कारखान्याला टाळं लागलं. गुप्ते घरी बसले आणि वहिनी उठल्या. त्यांनी डबे खाली उतरवले आणि नानकटाई, बिस्किटं, केक यांच्या ऑर्डरी घ्यायला सुरुवात केली. गुप्त्यांचं घर त्या चुलीवर चालू लागलं. हे म्हणायची पद्धत असते, इथे ते शब्दशः खरं होतं.

भोईरशेठनी त्यांची अट जिन्यात उभं राहून सगळ्यांना ऐकू जाईल अशी सांगितली. "प्वाटाच्या आड मी येत नाय. पन माझ्या बिल्डिंगचा मेन फ्यूज गेला, की चूल रस्त्याव."

* * *

त्यावर वहिनींनी उपाय काढला. ओव्हन लावायच्या आधी त्या गॅलरीत येऊन स्टीलची थाळी वाजवायच्या. थाळी वाजली की इमारतीने इस्त्र्या, गिझर आणि मिक्सर बंद करायचे. दुसऱ्यांदा वाजली की चालू करायचे. आम्ही सगळेच मध्यमवर्गीय, त्यामुळे कुरकुर भरपूर केली आणि नियम कडक पाळला.

मी उल्हासनगरला एका सरकारी कचेरीत कारकून होतो. एके सकाळी थाळी वाजली तेव्हा माझ्या शर्टाची एकच बाही झाली होती. मी तसाच गेलो. साहेबांनी वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "काय हो, घरी भांडण झालं वाटतं?"

मी म्हणालो, "नाही साहेब, समोर केक आहे."

साहेबांनी पुढे कधीच माझ्या कपड्यांचा विषय काढला नाही. माझ्याशी बोलतानाही ते थोडं जपून बोलू लागले.

* * *

चूल महिन्याआड बिघडायची आणि गुप्ते ती स्वतःच दुरुस्त करायचे. सुपरवायझरने आयुष्यभर दुसऱ्यांना पाना फिरवायला सांगितलेलं असतं. आता सांगायला माणूस नव्हता, म्हणून ते स्वतःलाच मोठ्याने सांगायचे, "आधी मागचा पत्रा काढा. हां. आता स्क्रू नीट ठेवा." स्क्रू मात्र कोणीच नीट ठेवत नसे.

एकदा ओव्हनची एका बाजूची कॉइल गेली. गुप्ते म्हणाले, "अर्धी चालतेय ना? मग अर्ध्यावर भागव." त्या दिवशी डॉक्टरीणबाईंचा केक होता. तो एका बाजूने बदामी झाला आणि दुसऱ्या बाजूने पांढराफटक. दुसरा करायला वेळ नव्हता. वहिनींनी वाफ देऊन पांढरी बाजू कशीबशी शिजवली, मधोमध चेरीची रांग लावली आणि केक पाठवून दिला.

त्या रात्री वहिनी जेवल्या नाहीत. डॉक्टरीणबाईंचं गिऱ्हाईक तुटलं तर त्यांच्या ओळखीची निम्मी आळी तुटणार होती.

आठवड्याने डॉक्टरीणबाई स्वतः जिना चढून आल्या. म्हणाल्या, "तो दोन रंगांचा केक काय सुंदर होता हो. आमच्या नणंदेच्या मुलीला अगदी तस्साच हवाय."

एव्हाना गुप्त्यांनी कॉइल बदलली होती. बाई गेल्यावर वहिनी आत आल्या आणि म्हणाल्या, "अहो, मागचा बिघाड पुन्हा करता येईल का?"

गुप्त्यांनी दोन दिवस खटपट केली. जमलं नाही. दुरुस्ती त्यांना अधूनमधून जमायची. बिघाड करायचा म्हटल्यावर हात चालेना.

* * *

पुढे थर्मोस्टॅट गेला. हा म्हणजे ओव्हन ठरावीक तापला की वीज तोडणारा खटका. तो वीज तोडेचना, बिस्किटांचे कोळसे होऊ लागले. जर्मन पार्ट इथे कुठला मिळायला? पण मी रोज उल्हासनगरला जात होतो, आणि तिथल्या सिंधी कॅम्पातला आसनदास कशाचीही हुबेहूब नक्कल करून देतो अशी ख्याती होती. मी थर्मोस्टॅट रुमालात बांधून नेला.

आसनदासने तो उलटसुलट केला, कानाशी लावून हलवला. "साईं, आठ दिन. इसका सगा भाई बना के देगा."

खरंच दिला. तोच आकार, तीच पितळी दांडी, आकडेही तसेच. मूळच्याला एका कोपऱ्यात टवका गेला होता, तोसुद्धा याला होता. कुठला जर्मन आणि कुठला कॅम्पातला हे गुप्त्यांनाही सांगता येईना. त्यांनी तो बसवला. बिस्किटांचे पुन्हा कोळसे.

दुसऱ्या दिवशी मी तावातावाने आसनदासकडे गेलो. "अरे, ये भी वैसाच करता है. तोडताच नहीं!"

आसनदासच्या चेहऱ्यावर खराखुरा अपमान दिसला. "साईं, आपने जैसा दिया वैसा बनाया. बंद वाला दिया तो बंद वाला बनाया. चालू वाला देते, तो चालू बनता."

मी थर्मोस्टॅट पुन्हा रुमालात बांधून परत आणला. तेव्हापासून वहिनी घड्याळ समोर ठेवून ओव्हन हातानेच चालू-बंद करू लागल्या.

* * *

पावसाळ्यात चुलीच्या अंगात करंट उतरायचा. हात लावला की मुंग्या. अर्थिंग करून घ्या असं मी सुचवलं. गुप्ते म्हणाले, "करू." करू म्हणजे काय ते सरकारी नोकराला समजावून सांगावं लागत नाही. तोपर्यंत वहिनींनी रबरी चपला घालून चुलीपाशी उभं राहायचं ठरलं.

पण त्याच स्वयंपाकघरात देव्हारा होता आणि देव्हाऱ्यापुढे गुप्त्यांच्या आई, म्हणजे माई, बसलेल्या असत. माईंच्या राज्यात चपला स्वयंपाकघरात? एक दिवस घरात अबोला झाला. दुसऱ्या दिवशी माईंनीच तोड काढली. नव्या कोऱ्या चपला आणायच्या, त्यांनी रस्ता कधीच पाहायचा नाही, उंबरा ओलांडायचा नाही, आणि रोज अंघोळीनंतर त्यांच्यावर पाणी शिंपडायचं.

सत्यनारायणाला भटजी आले. प्रसादाचा शिरा चुलीवर होता आणि माई स्वतः तो हलवत होत्या. अंगावर सोवळं, पायात निळ्या पट्ट्यांच्या चपला. भटजी दारातच थबकले.

"माई, पायात..."

"सोवळ्याच्या आहेत," माई म्हणाल्या. "तुम्हाला हलवायचा असेल शिरा, तर तुमच्या मापाच्याही आणून ठेवल्यात."

* * *

दिवाळीच्या आठवड्यात मात्र व्हायचं ते झालं. वहिनींकडे एका शाळेच्या स्टाफची मोठी ऑर्डर होती, पहिला घाणा ओव्हनमध्ये होता, आणि भरदुपारी फट् झालं. मेन फ्यूज तर गेलाच, बाहेर खांबावरचाही जळाला. आमच्यासह सगळी गल्ली बंद.

भोईरशेठ तडक वीज कचेरीत गेले आणि वायरमनबरोबर एका साहेबालाही घेऊन आले. वायरमनने दोन्ही फ्यूज घातले. वहिनींनी देवाचं नाव घेऊन ओव्हन पुन्हा लावला, कारण आतला घाणा अर्धा कच्चा होता. तेवढ्यात जिन्यात भोईरांचा आवाज आला. "चला साहेब, दाखवतो तुमाला सगल्या रोगाचा मूल. आज ती रस्त्याव जानार."

गुप्ते भिंतीला टेकून उभे होते. वहिनींनी पदर खोचला. मी दारात होतो, म्हणून जिन्यातलं पुढचं बोलणं मला ऐकू आलं.

"एवढा लोड मंजूर नसणार," साहेब म्हणाले. "केस होईल. लाइन कापावी लागेल."

"कापा ना. गुप्त्यांची कापा."

"मेन कनेक्शन कोणाच्या नावावर आहे?"

जिन्यातली पावलं थांबली. मग भोईर म्हणाले, "माझ्या."

"मग केस तुमच्यावर. लाइन सगळ्या इमारतीची."

भोईरशेठ साहेबांच्या पुढे धावत आत आले. देह केवढा, चपळाई केवढी! ओव्हनच्या काचेतून उजेड दिसत होता, वर तांबडा दिवा पेटला होता. साहेब दारात पोचायच्या आत भोईर उडी मारून चुलीवर बसले. धोतराचा सोगा खाली सोडला, त्यामागे काच आणि दिवा दोन्ही झाकले गेले.

साहेबांनी विचारलं, "हे काय आहे?"

"कपाट हाय. गुप्त्यांचा जुना. आमी यावच बसतो."

"वास कसला येतोय?"

"उदबत्ती," देव्हाऱ्यापुढून माई म्हणाल्या. "वेलदोड्याची."

साहेबांनी कपाटाकडे पाहिलं, भोईरांकडे पाहिलं. भोईरांच्या कपाळावर घाम जमू लागला होता आणि ते एकेक मांडी आळीपाळीने उचलत होते. साहेबांनी पेनाला टोपण लावून ते खिशात ठेवलं.

"कपाट असेल तर आमच्या खात्याचं काही काम नाही," ते म्हणाले.

 वहिनींनी रॉकेलच्या स्टोव्हवर चटकन चहा टाकला. साहेब पाटावर ऐसपैस बसले. वहिनींनी कप पुढे केला. साहेबांनी चहा बशीत ओतला, फुंकर घालून सावकाश प्याला, मग दुसरी बशी ओतली. भोईर आता दोन्ही तळहातांवर भार देऊन बसले होते आणि छताकडे बघत होते.

"साहेब, तुमाला उशीर व्हत आसंल," ते म्हणाले.

"छे, छे," साहेब म्हणाले आणि त्यांनी रिकामा कप वहिनींपुढे धरला. "वहिनी, अजून अर्धा कप मिळेल का? सावकाश होऊ द्या. चांगला उकळलेला आवडतो मला."