मोजा पळवणारं मुंगूस

नातवंडांनो, तुमचा फेरेट मी कुणाला तरी देऊन टाकला, अशी बातमी तुमच्यापर्यंत पोचल्याचं काल फोनवर कळलं. ती खोटी आहे. पण उठली कशी, ते क्रमाने लिहिते, म्हणजे पुन्हा रडारड नको.

तुम्ही परदेशी गेलात आणि तो माझ्याकडे आला. लांबट, केसाळ अंगाचा हा विलायती पाळीव प्राणी दिसतो मात्र थेट मुंगसासारखा. पनवेलचा उकाडा त्याला सोसत नाही. म्हणून त्याच्यासाठी एसी चालतो आणि मी स्वेटर घालून पेपर वाचते. मोज्यांवर त्याचा फार जीव. दिसला मोजा की सोफ्याखाली.

खालच्या मजल्यावरच्या आजी मूळच्या इथल्याच सुकापूर गावच्या. नातीच्या मुलाखतीच्या दिवशी त्यांनी त्याला आमच्या गॅलरीत पाहिलं आणि हात जोडले. मुंगूस दिसणं शुभ ना! "मुंगसा मुंगसा, तोंड दाखव," त्या विनवत राहिल्या. त्याने शेपूट दाखवलं. तरीही नातीला नोकरी लागली. मग काय, कुणी परीक्षेआधी, कुणी फ्लॅट बघायला जाण्याआधी, दर्शनाला आमच्या दारात.

शेवटी सोसायटीचे सेक्रेटरी आले. "काकू, मुंगूस पाळणं गुन्हा आहे. हलवा, नाहीतर वनखात्याला कळवावं लागेल."

"मुंगूस नाही, फेरेट आहे तो."

"म्हणजे इंग्रजीत मुंगूसच ना?"

जन्मभर इंग्रजी वाचलेली मी, पण मला मराठी शब्द सुचेना. तुम्हाला काय तोंड दाखवणार, या विचाराने मी त्याला उचलायला वाकले. तेवढ्यात तुमच्या लाडक्याने सेक्रेटरींच्या पायातला मोजा दातांत धरला आणि मागे सरकत, ओढत ओढत काढून नेला.

माझ्याकडे चहाला आलेल्या खालच्या आजी शांतपणे म्हणाल्या, "सायेब, मुंगूस कोंबडी नेतं. मोजा नेणारं मुंगूस तुमी कुठं पाहिलं?"

सेक्रेटरींनी आपल्या उघड्या पायाकडे पाहिलं. "मुंगूस असं करत नाही खरं," म्हणाले आणि गेले.

दार लागल्यावर आजींनी सोफ्याला नमस्कार केला. "मुंगूसच हाय. पण त्यांना कशाला सांगायचा?"

त्यानंतर दर्शनाला येणाऱ्यांना मी "मुंगूस नाही आमच्याकडे" असं सांगू लागले. खरंच होतं ते. लोकांनी त्याचा अर्थ 'देऊन टाकलं' असा लावला आणि तेच फिरत फिरत तुमच्या कानी आलं.

फेरेट इथेच आहे. सेक्रेटरींचा मोजाही.