धाकटीच्या कुरडया

क्रांती चौकातला दुकानदार धाकट्या जावेला "आणखी कुरडया आणा" म्हणायचा आणि मला "तुमची पाकिटं परत न्या." त्याचा फोन तिला आला की माझं पित्त खवळायचं.

पुंडलिकनगरच्या आमच्या गच्चीवर दोघी एकाच उन्हात कुरडया घालायचो. गहू एकाच पोत्यातला, चीक मात्र जिचा तिनं शिजवायचा. उन्हाळा सरला की मी माझी सगळी पाकिटं रिक्षात घालून दुकानात रचून यायची. ढीग मोठा दिसला की गिऱ्हाईक आपलंच, असा माझा समज. ती आपले डबे घरातच ठेवायची. आठवड्याला फोन करून विचारायची, "भाऊ, किती खपल्या?" आणि तेवढ्याच न्यायची. माझ्या ढिगातल्या खालच्या पाकिटांचा वरच्या भारानं चुरा व्हायचा. मला दिसत होतं ते. पण तिचं बघून शिकायचं? त्यापेक्षा चुरा परवडला.

गणपतीत दुकानदार म्हणाला, "वहिनी, तुमच्यात चुरा लई निघतोय. दिवाळीपासून एकीचाच माल ठेवीन म्हणतो." कुणाचा, हे विचारायची गरजच नव्हती. माझा नुसता जळफळाट झाला.

पण नंतर तक्रारी थांबल्या. उलट एका गिऱ्हाईक बाईनं मला दुकानातच गाठलं. "तुमच्या कुरडया लई फुलल्या बरं का, जावंपेक्षा बी!" माझे पाय जमिनीवर राहिले नाहीत. रात्री जेवताना धाकटीसमोर ते वाक्य मी पुन्हा पुन्हा घोळवलं. ती हसून भाकरी वाढत राहिली.

दसऱ्याआधी एका दुपारी दुकानात गेले, तर धाकटी पोत्यावर बसलेली. मांडीवर माझी पाकिटं, तोंडं उघडलेली.

"सापडलीस! तरीच माझ्यात चुरा निघत होता!" मी भर दुकानात ओरडले.

ती दचकली. "चुरा काढून माझ्यातल्या अख्ख्या घालायलेय, ताई. एकीचाच माल ठेवतो म्हणले ना हे भाऊ. तुमचं बंद झाल्यावर मला घरात करमंल व्हय?"

दुकानदारानं दिवाळीला दोघींचाही माल ठेवला. चांगलंच झालं म्हणायचं. पण त्या बाईनं तळल्या त्या कुरडया कुणाच्या होत्या, हे धाकटीला त्या रात्री भाकरी वाढतानाही ठाऊक होतं. तेवढं मात्र मी तिला अजून माफ केलेलं नाही.